चौथा पारा

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं. कविता पाठ करून आलेल्या पोराला मी पहिल्यांदा एकच विचारायचो, "अर्थ सांग." पोरगं गप्प झालं की म्हणायचो, "मग तुझ्यापेक्षा पोपट बरा. त्याला निदान पेरू तरी मिळतो." वर्ग हसायचा, ते पोरगंही हसायचं, आणि मला आपण फार मोठं काहीतरी शिकवतोय असं वाटायचं.

आठव्या वर्षी मी मशिदीत कुराण वाचायला शिकलो. अक्षरं, काना-मात्रा, कुठं श्वास घ्यायचा, कुठं आवाज लांबवायचा, सगळं. माझे उच्चार इतके स्वच्छ होते की मौलवीसाहेब मोठ्या मुलांना माझं उदाहरण द्यायचे. अर्थ मात्र एका शब्दाचा कळत नव्हता. पुढं पन्नास वर्षं मी रोज पान-दोन पानं वाचली, आणि त्या पन्नास वर्षांत मला कुणीही "अर्थ सांग" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी चिडलो असतो, हेही खरंच.

आता मी निमगाव केतकीच्या बाहेर, आमच्या तीन एकरांच्या कडेला बांधलेल्या घरात एकटा राहतो. बायको जाऊन पाच वर्षं झाली. मुलगा पुण्यात, रविवारी फोन करतो आणि मी जेवलो का ते विचारतो. मी जेवलेलो असतो. जुम्म्याची नमाज झाली की लोक मशिदीच्या दारात दहा मिनिटं बोलत उभे राहतात, तेवढंच आठवड्याचं बोलणं. बाकी दिवस मी पेपर वाचतो आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांना लाल पेनानं गोल करतो. घर मोठं आहे, आणि मला एकटं वाटतं. हे लिहायला मला या वयापर्यंत थांबावं लागलं.

आपा, म्हणजे माझी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि ती नऊची. अब्बांचा तेव्हा खाऊच्या पानांचा मळा होता. शेवरीच्या उंच झाडांवर वेल चढलेले, आत भर उन्हाळ्यात गारवा, आणि मळ्याच्या बांधावर चपलांची रांग. अब्बा कुणालाही चप्पल घालून आत येऊ देत नसत. वेल नाजूक असतो, चपलेला लागून रोग आत येतो, असं कारण सांगायचे. पण चपला काढायला लावायचे अगदी मशिदीत काढतात तशा, डोकं झाकून, हळू बोलत.

चौथी पास झाल्यावर आपाची शाळा सुटली. तिच्या अंगठ्याला पत्र्याचं नख बसलं. पान खुडताना देठ नीट तुटावा म्हणून ते लावतात. ती दिवसभर पानं खुडायची आणि मी शाळेत जायचो. संध्याकाळी ती भाकरी थापायची आणि मी चुलीपाशी बसून कविता म्हणायचो. ती मला बाबू म्हणायची. तिचं लग्न होऊन ती बावड्याला गेली, तेव्हा मी डीएडला होतो. फी त्या पानांवर भरली जायची, म्हणजे तिच्या अंगठ्यावर, एवढं गणित मला तेव्हाही येत होतं.

अब्बा गेले त्याला बावीस वर्षं झाली. त्यांच्या चाळिसाव्या दिवशी घरी कुराणखानी ठेवली होती. म्हणजे ग्रंथाचे तीस भाग वेगवेगळे काढून लोकांत वाटतात, प्रत्येकजण एकेक वाचतो आणि बसल्या बैठकीत मयताच्या नावानं पूर्ण ग्रंथ वाचून होतो. एका भागाला पारा म्हणतात. माझ्या हातात चौथा आला. मी ओट्यावर मोठ्यानं, सुरात वाचला. आत बायकांत आपा वाचत होती. दुपारी जेवणं झाली, आणि जेवणानंतर आम्ही इंदापूरला गेलो, हक्कसोडपत्र करायला.

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. आमच्या भागात बाप गेला की बहिणी हक्क सोडून देतात. शेजारच्या ऊसवाल्या शेतकऱ्यांकडं हेच चालतं आणि आमच्याकडंही. बहीण सही करते, भाऊ तिला साडी घेतो, आणि सगळे म्हणतात, पोरगी गुणाची, माहेर राखलं. हिस्सा मागितला की माहेर तुटतं. आमचे चुलते म्हणाले, "चार माणसं जमल्यात, साक्षीदार हायेत, आजच उरकून घ्या." जणू काही त्यांनी ते आयत्या वेळी सुचवलं. खरं म्हणजे तलाठ्याकडची वारसनोंद मी आधीच करून घेतली होती आणि कागद तयार ठेवायला लावले होते.

आपानं कागद वाचला नाही. "कुठं सही करू सांग, बाबू," एवढंच म्हणाली. सही केली, अंगठा दाबला, आणि शाई पुसायला फडकं मिळेना म्हणून पदराच्या आतल्या बाजूला पुसला. मी बाजारपेठेतून तिला हिरवी साडी घेतली. चांगली होती. तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि बावड्याच्या एसटीत खिडकीपाशी बसली. सगळेच करतात म्हणून मला त्यात काही चूक वाटलं नाही. थोडं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर ती मला गुरुजी म्हणायला लागली, आणि "तुमी". सहा वर्षांनी धाकट्या भावाला. लोकांना वाटायचं मान देते. मला तिच्या नजरेला नजर देता येईना, म्हणून मी बोलावणं कमी केलं. आधी ईदेला येणं थांबलं, मग सुट्टीत, मग फक्त लग्नाला आणि मयताला. ज्या माहेरासाठी तिनं सही केली, ते मी असं वर्षा-वर्षानं बंद करत आणलं. मळा मोडून मी ऊस लावला. माझी बायको गेली तेव्हा आपा आली, बाहेरच्या ओट्यावर बसली, तिसऱ्या दिवशी निघाली. तिनं माझ्यासाठी भाजी करून ठेवली होती. ती खाताना मी रडलो, पण ते बायकोसाठी रडतोय अशी मी स्वतःची समजूत घातली.

तीन वर्षांपूर्वी बारामतीला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर सगळं इतकं स्पष्ट दिसायला लागलं की घरातल्या भिंती किती मळल्यात ते कळलं. पुढच्या खेपेला तपासणीला गेलो तेव्हा तिथल्याच एका दुकानात कुराणाचा मराठी अनुवाद दिसला. मराठीच्या मास्तरानं मराठी पुस्तक घ्यायला काय हरकत आहे, म्हणून घेतला. रमजान चार दिवसांवर होता.

दुपारची झोप मला येत नाही. रोजा असला की वेळ आणखी लांबतो. मी ओट्यावर खुर्ची टाकून लाल पेन हातात घेऊन बसायचो, अनुवादकाच्या चुका काढायला. पहिले तीन दिवस पुष्कळ काढल्या. चौथ्या दिवशी चौथ्या पाऱ्याच्या शेवटाला आलो आणि पेन खाली ठेवलं.

तिथं वारसांचे हिस्से स्वच्छ सांगितले आहेत. मुलाला दोन मुलींइतका. म्हणजे एक भाऊ आणि एक बहीण असेल तर तीन भाग, दोन त्याचे, एक तिचा. आईचा किती, बायकोचा किती, तेही सगळं, एखाद्या कडक हेडमास्तरानं वेळापत्रक लावावं तसं. आणि खाली ताकीद. ही देवानं घातलेली हद्द आहे. ती पाळील त्याला काय मिळेल ते एका वाक्यात आणि ओलांडील त्याला काय मिळेल ते दुसऱ्या वाक्यात. दुसऱ्या वाक्यात आग आहे, आणि तिथून बाहेर पडणं नाही.

मी आत जाऊन फडताळातला जुना अरबी पारा काढला. तोच. पाठीला अब्बांच्या चाळिसाव्याच्या दिवशी सांडलेला चहाचा डाग. शब्दाला शब्द लावून पाहिला. हेच मी त्या दिवशी ओट्यावर बसून वाचलं होतं, आवाज लांबवून, श्वास योग्य ठिकाणी घेऊन. सकाळी हे वाचलं आणि दुपारी एसटी पकडली. संध्याकाळी रोजा सोडायची अजान झाली तेव्हा माझ्या हातात खजूर होता आणि तो तोंडात घालायचं धाडस होईना. मी घाबरलो होतो. परीक्षेत कोरा पेपर देऊन बसलेल्या पोराची भीती मी चौतीस वर्षं समोरून पाहिली होती. ती आतून कशी असते ते त्या दिवशी कळलं.

पण माणूस बेरकीच. दोन दिवसांत भीती जरा निवली आणि मी हिशेबाला लागलो. तीन एकर, म्हणजे आपाचा एक. कुठला? विहिरीकडचा काळ्या मातीचा, माळाकडचा मुरमाड. मी ठरवलं, माळाकडचा. मुरमात डाळिंब छान येतं, अशी मी स्वतःची समजूतही घातली. मग संध्याकाळी सहज मागची दोन पानं चाळली, तर वर आणखी एक ताकीद: चांगल्याच्या जागी वाईट देऊ नका. ती पोरक्या मुलांच्या मालाबद्दल आहे. मी मनात म्हटलं, मग तर आपल्याला लागूच नाही. आणि तेवढ्यात चुलीपाशी बसलेली नऊ वर्षांची आपा डोळ्यांसमोर आली, धुरानं डोळे पुसत माझी भाकरी उलटणारी. मी पुस्तक मिटलं आणि विहिरीकडच्या एकराचा सातबारा उतारा शोधायला लागलो.

मुलाला फोनवर सांगितलं. "अब्बा, एकोणीस वर्षांनी? आत्यानं मागितलंय का?" मी म्हटलं, नाही. "मग कशाला उकरून काढताय?" मी त्याला म्हटलं, "अर्थ कळला म्हणून." त्यानं विचारलं, जेवलात का.

ईद झाल्यावर मी बावड्याला गेलो. आपा दारात ज्वारी निवडत बसली होती. तिचे मिस्टर वारले होते, सून आत होती. मान वर न करता म्हणाली, "या गुरुजी. वाट चुकला का?"

मी सगळं सांगितलं, पाऱ्यापासून विहिरीपर्यंत. ती सुपातले खडे वेचत राहिली.

"हे कधी वाचलं तुमी?"

"आत्ता, रमजानमध्ये."

"चाळिसाव्याला बी हेच वाचत हुता. आत ऐकू येत हुतं."

"वाचत होतो आपा. कळत नव्हतं."

"मला कळत हुतं," ती म्हणाली. "अब्बांनी सांगितलं हुतं, अंथरुणावर हुते तवा. पोराचे दोन, पोरीचा एक."

मी विचारलं, "मग सही का केलीस?"

तिनं सूप खाली ठेवलं. "मला वाटलं, तुमी म्हणाल. आपा, ऱ्हाऊ दे, हे नगं. गाडीत बसल्यापास्नं वाट बघत हुते. हापिसात बी बघितली. अंगठा दाबूस्तवर बघितली." मग तिनं माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. "आन् आता आगीला भिऊन आला व्हय?"

"हो," मी म्हटलं.

"माझ्यासाठी न्हाय आला."

खोटं उत्तर देता आलं असतं, पण रोजे नुकतेच संपले होते आणि जीभ वळली नाही. सुनेनं चहा आणला, तो आम्ही दोघांनी प्यायला.

"भिऊन का हुईना, आला," शेवटी आपा म्हणाली. "द्या. माझं हाय ते मी घीन. त्यात लाज कसली? पर तुमच्या घरात पाय ठेवणार न्हाय. लई वाट बघितली त्या दाराची."

इंदापूरला बक्षीसपत्र झालं. अंगठ्याचं मशीन तिचा ठसा घेईना. पानं खुडून खुडून, मग सासरी खुरपून तिच्या अंगठ्याच्या रेघा पुसल्या होत्या. कारकून म्हणाला, "आजी, जरा दाबून धरा." आपा म्हणाली, "मागच्या बारीला न दाबता उठला हुता." चौथ्या वेळी उठला. साक्षीदार म्हणून आलेले लोक हसले. मीही हसलो आणि बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं. या वेळी मी साडी घेतली नाही. देणाऱ्यानं बक्षीस द्यावं असं त्यात काही नव्हतं, कागदावर नाव बक्षीसपत्र असलं तरी.

मला वाटलं होतं, आपा एकर वाट्यानं देईल किंवा माझ्याच उसात राहू देईल. तिनं ऊस काढायला लावला. शेवरी लावली, शेवरी कमरेला आल्यावर वेलांचे तुकडे आणून लावले. अब्बांच्या मळ्याच्या जागीच पानमळा. पासष्टी उलटलेली बाई आठवड्यातून दोनदा बावड्याहून इंदापूर आणि इंदापूरहून निमगाव, दोन एसट्या करून येते. भाकरी बांधून आणते, पाणीही बांधून आणते. माझ्या ओट्यासमोरून जाते. मी पेपर खाली करतो, ती पदर सारखा करते, आणि पुढं जाते. त्या दोन दिवशी मी चहा दोन कप टाकतो. दुसरा कप संध्याकाळी मोरीत ओततो. हे दोन वर्षं चाललंय, आणि दुधवाला मला विचारतो की गुरुजी, पाहुणे असतात का.

भीती गेली होती. कर्तव्य केलं, आता आग नाही, असं मी स्वतःला सांगू शकत होतो. पण एकटेपणा तसाच राहिला, उलट वाढला, कारण आता दुसरं माणूस शंभर पावलांवर होतं. हद्द पाळली की बहीण परत मिळते असं त्या पानावर कुठंही लिहिलेलं नाही. मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं.

वाचता वाचता पुढं आणखी एक नियम आला. दुसऱ्याच्या घरात सलाम केल्याशिवाय, परवानगी घेतल्याशिवाय शिरू नका. परत जा म्हटलं तर परत जा. आमच्यात सांगतात की तीनदा विचारावं, उत्तर आलं नाही तर मनात राग न धरता मागं फिरावं. मळा म्हणजे घर नव्हे, एवढं मला कळतं. तरी माझ्याच नावावर होता तोपर्यंत मी त्यात बूट घालून फिरलो होतो. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून ती आली की मी बांधापर्यंत जायला लागलो. बांधाच्या अलीकडं उभा राहायचो आणि म्हणायचो, "सलाम आलेकुम आपा. येऊ का?"

आतून उत्तर यायचं, "वालेकुम सलाम." सलामाचं उत्तर देणं बंधनकारक आहे, आणि आपा बंधन मोडणारी नव्हे. पण "ये" यायचं नाही. मी थांबून पुन्हा विचारायचो. पुन्हा सलामाला सलाम. तिसऱ्यांदाही तेवढंच. मग मी मागं फिरायचो. राग यायचा, थोडा. घरी येऊन पेपरातल्या चुका जरा जास्तच जोरात गोल करायचो. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, दोघंही वेडे आहात. बरोबर बोलला.

आठवड्यातून दोनदा, तीनतीनदा. थंडी गेली, वेल डोक्याच्या वर चढले. एकदा वाऱ्यानं पानं हलली आणि मला आत हिरवी फडकी दिसली, प्रत्येक वेलाला शेवरीशी बांधलेली. वेल बांधायला लोक वाळलं गवत वापरतात. हे कापड होतं, काठाचं. मी ओळखलं. मी घेतलेली ती साडी तिनं बावीस वर्षं नेसली नव्हती. आता फाडून तिच्या चिंध्या केल्या होत्या आणि त्यांनी अब्बांचा मळा उभा केला होता. मनाला लागलं. पण गाठी फार हळुवार मारलेल्या होत्या, वेलाला काचू नये अशा, आणि मी बराच वेळ त्या गाठींकडंच पाहत राहिलो.

गेल्या आठवड्यात पहिली खुडणी होती. दोन बायका मजुरीला आल्या होत्या, त्यांच्या चपला बांधावर ओळीनं होत्या. त्या ओळीत आपाच्या, टाचेला झिजलेल्या. मी उभा राहिलो. सलाम केला, विचारलं. उत्तर आलं, सलामापुरतं. दुसऱ्यांदा विचारलं. आत पत्र्याच्या नखाचा आवाज चालला होता, बारीक, टक टक. तो आवाज मी पन्नास-बावन्न वर्षांपूर्वी ओट्यावर पाढे म्हणताना ऐकत होतो. मी तिसऱ्यांदा विचारलं.

"वालेकुम सलाम," आतून आलं. मी वळलो. चार पावलं गेलो असेन.

टक टक थांबली.

"बाबू," आतून आपा म्हणाली, "चपला काढून ये."

मी मागं आलो. उजवी निघाली, डावीचा पट्टा निघेना. बांधावर बसून दोन्ही हातांनी ओढून काढली आणि तिच्या चपलेशेजारी ठेवली.